नवख्याची पायी वारी



गेल्या चातुर्मासात एका खेड्यात आमचे प्रवचन झाले. आरती आटोपली, बुक्का लावणे चालले होते, इतक्यात पन्नाशी उलटलेल्या एक बाई पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, एक विचारू का? आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षे पायी वारी केली. घरात वीणा आहे, माळ आहे. पण मी पंढरपूर पाहिले ते एस.टी.तून, नाहीतर मुलाच्या गाडीतून. एकदा पायी जावे असे फार वाटते. पण मला चालायची सवय नाही, वर साखरेचा आजार. निघाले आणि वाटेत मोडून पडले, तर मामंजींची वारी मी मोडली असे व्हायचे. त्यापेक्षा न निघालेले बरे, नाही का?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. "नेणारा तो आहे, तुम्ही फक्त निघा." बाईंनी मान हलवली, पाया पडल्या आणि गेल्या, पण चेहरा काही उजळला नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आम्हांस आमच्याच उत्तराची लाज वाटू लागली. कारण असे की, नेमके हेच उत्तर ऐकून आम्ही स्वतः १९९४ साली निघालो होतो आणि जेजुरीहून एस.टी.ने घरी परत आलो होतो. ही हकिगत आम्ही आजवर एकाही कीर्तनात सांगितलेली नाही. आज सांगतो.

तेव्हा आमचे वय सव्वीस. तालमीत घाम गाळलेले शरीर, आवाज चांगला, चार लोक 'बुवा' म्हणू लागलेले. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्या कोऱ्या चामडी वहाणा घेतल्या. खांद्याला पडशी, तीत दोन धोतरे, तीन सदरे, घोंगडी, पितळेचा तांब्या, ज्ञानेश्वरीची मोठी प्रत आणि वर आईने दिलेला लाडवांचा डबा. सामान वाहायला दिंडीचा ट्रक होता. पण आम्ही म्हटले, जो आपले ओझे दुसऱ्यावर टाकतो तो वारकरी कसला? आळंदीहून पुण्यापर्यंत आम्ही पताकांच्याही पुढे. दिंडी सोडून पळू नये हा लहान पोरालाही ठाऊक असलेला नियम, तोही आम्ही पाळला नाही.

पुण्याहून सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, आणि पाय थकल्यावर समोर दिव्याचा घाट उभा. त्यात हा टप्पा बहुतेक वर्षी एकादशीच्या सुमारास येतो. त्या वर्षी तर एकादशीच होती आणि आम्ही निर्जळी! हडपसर मागे पडले तोवर टाचांत निखारे ठेवल्यासारखे झाले. घाटाच्या पायथ्याला रथास जादा बैलजोड्या जुंपणे चालले होते. प्रत्यक्ष माउलींच्या रथाला चढावर जादा बैल लागतात हे उघड्या डोळ्यांनी पाहूनही आम्हांस शहाणपण सुचले नाही. तिथेच आमच्या दिंडीतले एक सत्तरीचे म्हातारबाबा ट्रकात चढून बसत होते. चार माणसांदेखत आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, पायी वारी म्हणजे पायी. ट्रकातूनच यायचे तर घरीच का नाही बसलात?"

म्हातारबाबा हसले. "होय बाळा," इतकेच म्हणाले.

सासवडच्या मुक्कामी वहाणा काढल्या तर टाचेची कातडी वहाणेला चिकटून निघाली. अंगात ताप भरला. राहुटीच्या कोपऱ्यात पडलो होतो, तो कोणी कोमट पाण्याची परात घेऊन आले. पाहतो तर तेच म्हातारबाबा. त्यांनी पाय धुतले, पुसले, जुन्या धोतराची धुतलेली पट्टी बांधली आणि एकच प्रश्न विचारला, "वहाणा कधी घेतल्या?" आम्ही म्हटले, "आळंदीला यायच्या आदल्या दिवशी." "अरे देवा," म्हणाले आणि परात घेऊन दुसऱ्या कोणाकडे गेले.

सासवडला दोन मुक्काम असतात म्हणून निभावले. तिसऱ्या दिवशी जेजुरीपर्यंत रखडत गेलो. तिथे पाय वहाणेत मावेना. दिंडीप्रमुखांनी धरून एस.टी.त बसवून दिले. पुढची दोन वर्षे आषाढात आम्ही घराबाहेर तोंड काढले नाही. १९९७ साली पुन्हा निघालो आणि पंढरपुरास पोहोचलो. वाटेत म्हातारबाबांना गाठून क्षमा मागायची असे ठरवून ठेवले होते. दिंडीत विचारले तेव्हा कळले, आदल्या माघात ते गेले. आमचे ते वाक्य तसेच राहिले.

असो. त्या माउलीला जे उत्तर द्यायचे राहिले ते आता देतो. तिच्यासारखे आणखी कोणी यंदा प्रथमच निघायचे म्हणत असतील, त्यांनीही ते आपलेच समजावे.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आपण सारे वाचतो. योग कोणाला साधतो, हे सांगताना माउली तिथे काय सांगतात? फार खाऊ नये, उपाशीही मरू नये. झोपेलाही मान द्यावा. बोलणे मोजके असावे, आणि पाऊलही मोजके टाकावे. अहो, आम्ही पारायणे किती केली! पण हे पावलाचे बोलणे आमच्या कानावरून वाऱ्यासारखे गेले. चालण्यालाही माप आहे. देहाला झिजवून देव मिळतो असे माउलींनी तिथे म्हटलेले नाही. देहाला मापात ठेवायला सांगितले आहे. मापाबाहेर चालणारा आणि मापाबाहेर खाणारा, दोघे एकाच घरचे.

मग हे माप ओळखावे कसे? आपल्या संप्रदायाने ते फार सोपे करून ठेवले आहे. चालताना मुखाने भजन म्हणता आले पाहिजे. चरण म्हणता येतो आणि श्वास तुटत नाही, तर पाऊल मापात आहे. म्हणता म्हणता दम लागतो, अर्धा चरण गिळावा लागतो, तर पाऊल मापाबाहेर गेले, आवरावे. आजचे डॉक्टरही नव्या चालणाऱ्याला हीच खूण सांगतात की, चालताना बोलता यावे इतकाच वेग ठेवा. टाळ-मृदंगाची साथ ही नुसती शोभा नव्हे. म्हातारे, तरुण, लेकुरवाळ्या सर्वांना एका पावलात बांधणारी ती दोरी आहे. १९९४ साली आम्ही दिंडीच्या पुढे पळत होतो तेव्हा आमच्या तोंडी नाम नव्हते, असणारच कसे? तोंडाने धापा टाकीत होतो.

आता तयारी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान. गुढीपाडव्यापासून मोजले तर मध्ये सुमारे ऐंशी दिवस मिळतात. नवख्याने पाडव्याला सुरुवात करावी. पहिल्या दिवशी अर्धा तास, बस्स. गावाच्या वेशीपर्यंत जावे, मारुतीचे दर्शन घ्यावे, परत यावे. हरिपाठ मुखाने म्हणत चालले तर घड्याळाचीही गरज नाही. हरिपाठ होईल तेव्हा फिरणे पुरे. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे आणि आठवड्यातून एक दिवस पायांना सुटी द्यावी. अक्षय्य तृतीयेपर्यंत न थांबता पाच किलोमीटर जमावेत. वटपौर्णिमेच्या आधीच्या पंधरवड्यात एकदा तरी लागोपाठ दोन दिवस, दर दिवशी पंधरा किलोमीटर, अशी परीक्षा घ्यावी. लागोपाठ हे महत्त्वाचे. एक दिवस चालणे कोणालाही जमते. काल चाललेल्या पायांनी आज पुन्हा उठणे, याचे नाव वारी. वटपौर्णिमा झाली की चालणे कमी करावे, प्रस्थानाला पाय ताजे असावेत. चैत्र-वैशाखाचे ऊन तुम्हांस ठाऊक आहे. हे सारे उजाडायच्या आत किंवा सूर्य कलल्यावर करावे. एकादशीला निर्जळी राहून उन्हात चालण्याचा हट्ट तर नवख्याने मुळीच करू नये. त्याचे फळ आम्ही वर सांगितलेच आहे.

चालण्याचे पादत्राण निदान महिनाभर आधी घ्यावे आणि याच सरावात वापरून मऊ करावे. कापडी बूट असो, मागे पट्टा असलेली चप्पल असो, पायाशी तिची सोयरीक आधी जुळलेली हवी. कित्येक जण अनवाणी चालतात, त्यांना आमचा दंडवत. परंतु ज्याचे पाय वर्षभर अनवाणी रानात चालत नाहीत त्याने डांबरी सडकेवर ज्येष्ठात अनवाणीपणाचा नवस करू नये. पावसात मोजे भिजतात, कातडी मऊ पडते, मग फोड येतात. म्हणून कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ असावेत आणि मुक्कामाला पोहोचताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत. एखादी जागा हुळहुळू लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. 'पुढच्या विसाव्याला पाहू' म्हणणाऱ्याला पुढच्या विसाव्याला फोड पाहायला मिळतो! फोड आला तर त्याची कातडी सोलू नये. तीच जखमेचे झाकण आहे. स्वच्छ पट्टीने झाकून ठेवावा आणि वाटेवर जागोजागी आरोग्यसेवेचे तंबू असतात तिथे दाखवावा.

ओझ्याविषयी फार लिहीत नाही. जड सामान दिंडीच्या ट्रकात. खांद्यावर पाण्याची बाटली, पावसाचा प्लॅस्टिक कागद, औषधे, मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि एक चिठ्ठी. या चिठ्ठीवर नाव, गाव, घरचा फोन आणि दिंडीचा क्रमांक लिहावा. क्रमांक लिहिताना 'रथापुढे' की 'रथामागे' हेही लिहावे, कारण माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या २७ दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागच्यांचे वेगळे. पंधरा क्रमांकाची दिंडी शोधत रथाच्या भलत्या बाजूला हिंडून रडकुंडीला आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. चुकलाच तर घाबरू नये. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याची वार्ता दिली जाते. चोपदारांनी दंड उंचावला की लाखांचा समाज कसा एका क्षणात गप्प होतो, हे नवख्याने त्या वेळी जरूर पाहावे. आम्ही तर दरवर्षी त्या क्षणासाठी थांबतो.

आता एक गोष्ट आमच्या माता-भगिनींसाठी. वाटेत आडोशाची सोय नाही या संकोचाने कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. आम्ही पुरुष मंडळी याविषयी बोलत नाही; व्यासपीठावरून बोलायचे तर जीभ अडखळते. पण या संकोचापायी बायका भोवळ येऊन पडतात, लघवीला जळजळ होऊन तापतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा बोललेच पाहिजे. आता वाटेवर फिरती शौचालये असतात. कमी पडतात हेही खरे. तरी पाणी सोडू नका. दोघी-तिघी मिळून जा, पहाटे निघण्यापूर्वी सवड काढा, आणि दिंडीप्रमुखांना स्पष्ट सांगा की विसाव्याच्या जागी आमची सोय आधी पाहा. दिंडीप्रमुखांनीही हे काम रांधण्या-वाढण्याइतकेच आपले समजावे. घाम फार गेला तर नुसते पाणी पुरत नाही. तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे, किंवा दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी. मधुमेही माणसाने मात्र हे साखरपाणी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कोणी उन्हाने बरळू लागला, अंग तापून कोरडे पडले, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि डॉक्टर बोलवावा. अंगात आले म्हणून पाया पडत बसू नये.

तहान ही काही लाजेची गोष्ट नव्हे. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले तेव्हा मारवाडच्या रुक्ष मुलखात दोघांना तहान लागल्याची कथा आपण नेहमी ऐकतो. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव सूक्ष्म रूपाने खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांनी देवाला हाक मारली आणि विहीर तुडुंब भरून वाहू लागली. आम्ही कीर्तनकार लगेच योग थोर की भक्ती थोर याच्या मागे लागतो. पण कथेची सुरुवात कोणी पाहत नाही. एवढे थोर संत, त्यांनाही तहान लागली, आणि 'लागली' असे त्यांनी एकमेकांना सांगितले!

त्या बाईंच्या साखरेविषयी. मधुमेह आहे म्हणून पायी जाऊ नये असे नाही. उलट चालणे त्यांना औषधच आहे. पण पायांना बधिरपणा येत असेल तर खडा टोचलेला कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही. म्हणून त्यांनी एक पाऊलही अनवाणी टाकू नये, आणि रोज रात्री सोबतिणीकडून तळवे बॅटरीच्या उजेडात तपासून घ्यावेत. ही एकमेकींच्या पाया पडण्याची खरी रीत समजा. जेवण चुकवू नये. एकादशीला गोळ्या-इंजेक्शनांचे काय करायचे ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. उपास धरायचा आणि औषध मात्र रोजचेच घ्यायचे, यात साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. खिशात साखरेच्या चार पुड्या असाव्यात. घाम फुटला, हात कापू लागले की उपास आहे की नाही याचा विचार न करता तोंडात टाकावी. छातीचे दुखणे असलेल्यांनी तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय निघूच नये.

आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. ती एका दमात चालायची नाही हे आपल्या पूर्वसूरींनी आधीच ठरवून ठेवले आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. त्यांचे मुक्काम नीट पाहा. पुण्याला दोन मुक्काम, घाट चढून गेल्यावर सासवडला दोन मुक्काम. लोणंदहून तरडगाव तर जेमतेम आठ किलोमीटर. लांब टप्प्यामागे विसावा आहे, रोज मध्ये जेवणाची थांबण्याची जागा आहे. या सोहळ्यात विसावा ही सवलत नव्हे, विधीच आहे. आणि पायीच चालायचे तर एकदम सारी वाट चाललीच पाहिजे असा कुठे लेख आहे? ज्याला बळ नाही त्याने पहिल्या वर्षी सासवड ते जेजुरी चालावे, तो टप्पा सोळा-सतरा किलोमीटरचा. किंवा शेवटी वाखरीहून पंढरीपर्यंत. तेवढेही नको तर आपल्या गावाहून जवळच्या देवस्थानाला दर महिन्याला पायी जावे. मुक्ताईची किंवा शेगावच्या गजानन महाराजांची पालखी मात्र नवख्याने पहिल्या वर्षी मनात आणू नये. त्या वाटा फार लांबच्या.

राहता राहिला तो बाईंचा खरा प्रश्न. वाटेत थांबावे लागले तर वारी मोडली का?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे नेहमीचा पायी सोहळा झाला नाही. माउलींच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरपुरास गेल्या. आम्ही घरच्या ओसरीवर उभे राहून ते दृश्य फोनच्या लहान पडद्यावर पाहिले आणि डोळ्यांना पदर लावणारी आमची वृद्ध आई म्हणाली, "अरे, माउली एस.टी.त बसल्या!" त्या दोन वर्षी वारी मोडली असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ती बस पुढे गेली तेव्हा आम्हांस आमची १९९४ सालची जेजुरीची एस.टी. आठवली, आणि सव्वीस वर्षे मनात रुतून बसलेला काटा त्या दिवशी थोडा सैल झाला. ट्रकात चढणारे म्हातारबाबाही डोळ्यांपुढे आले. त्यांना बोललो तो काटा मात्र सैल झालेला नाही, आणि तो व्हावा असे आम्हांस वाटतही नाही.

म्हणून आमच्या दिंडीत आता एक रीत ठेवली आहे. ट्रकात बसणाऱ्याला कोणी 'का' विचारायचे नाही. तो उतरला की त्याच्या हाती टाळ द्यायचा, आणि ओळीत जागा करून द्यायची.

त्या बाईंना आम्ही माघात पत्र घातले. वर लिहिले तेच थोडक्यात लिहिले आणि आमची जेजुरीची हकिगतही कळवली. पाडव्याला त्यांचा फोन आला की मारुतीपर्यंत जाऊन आले. वैशाखात सांगितले, सून बरोबर येते, ती पुढे पळते, मी तिला हरिपाठ म्हणायला लावते म्हणजे बरोबर मागे येते. ज्येष्ठात त्या सासवडला आमच्या दिंडीत सामील झाल्या, पायांत तीन महिन्यांची जुनी चप्पल. जेजुरीला चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी वाल्ह्यालाही चालत गेल्या. तिथे रात्री तळवा तपासताना करंगळीखाली लाल डाग दिसला. दुखत नव्हता. सोबतिणीने तरी आम्हांस सांगितले, तंबूतल्या डॉक्टरांनी पाहिले आणि आता पुरे म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. सकाळी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. गाडीत बसताना त्यांनी मामंजींच्या वीण्याचा विषय काढला नाही की डोळ्यांत पाणी आणले नाही. एवढेच विचारले, "बुवा, इथून पुढचा मुक्काम कोणता?"

आम्ही म्हटले, "वाटेत नीरेला माउलींच्या पादुकांचे स्नान आणि मुक्काम लोणंदला."

"बरं. मग पुढच्या वर्षी नीरेपासून," म्हणाल्या आणि गाडीचे दार लावून घेतले.